थांबली की थांबवली?

त्याचं आडनाव काही काबरे नव्हतं. पण कारखान्यात गेली अठरा वर्षं सगळे त्याला काबरेच म्हणत, कारण समोर काहीही घडलं तरी त्याच्या तोंडून पहिलं निघायचं ते "का बरं?" बोल्ट सैल झाला, का बरं? आज चहा लवकर आला, का बरं? ही खोड इतकी मुरली होती की परगावच्या कारखान्यांच्या फाटकांवर रखवालदार वहीत बिनदिक्कत ‘श्री. काबरे’ लिहीत आणि तोही निमूट सही ठोकी. बायको तर येईल त्याला सांगे, "मी लग्नाला होकार दिला ना, तेव्हा हे गृहस्थ काय म्हणाले असतील? का बरं!"

साबणाच्या वड्या कागदात गुंडाळणाऱ्या मशीन त्याचा कारखाना बनवी, आणि मशीन निघण्याआधी तपासायचं, विकलेली कुठं रुसली की पिशवी उचलून जायचं, ही कामं काबरेकडे. त्या दिवशी जायचं होतं ते राज्याच्या हद्दीपलीकडे. दोन महिन्यांपूर्वी बसवलेली तिथली मशीन रोज अकराच्या सुमाराला आणि पुन्हा साडेतीनला चार-पाच मिनिटं बंद पडते, अशी सुपरवायझरची ई-मेल होती. आधी काबरेच्या जोडीचे दोघं जाऊन आले होते आणि दोघांनीही ‘यंत्रात दोष नाही’ असं लिहून दिलं होतं.

"या खेपेला तू जा," मालक म्हणाले. "गिऱ्हाईक मोठं आहे, तोंड दाखवावं लागतं. ‘दोष नाही’ लिही, सही-शिक्का घे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत ये. आणि हात जोडतो बाबा, तिथं तुझं ते ‘का बरं’ सुरू करू नकोस."

"का ब..." म्हणता म्हणता काबरेनं जीभ चावली.

सकाळच्या पहिल्या गाडीनं तो निघाला. हद्द कधी ओलांडली ते कळलंसुद्धा नाही. ना भिंत, ना दोरी, ना कोणी अडवणारा. फक्त एका स्टेशनाच्या पाटीवरची अक्षरं एकदम परकी झाली. या गड्याला तेवढं पुरे झालं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्यानं विचारलं, हे वेटोळं म्हणजे काय, ते शेपूट खाली का, वर का नाही? उतरेपर्यंत चार अक्षरं शिकून झाली. उतरताना म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "तुम्ही पोलिसात आहात का हो?"

दहाला तो कारखान्यात पोहोचला. साबणाचा वास इतका की पहिली पाच मिनिटं नुसत्या शिंका. मग वास अचानक नाहीसाच झाला. वास तिथंच आहे आणि नाक रजेवर गेलंय, हे त्याला भलतंच मजेशीर वाटलं. पण विचारायचं कुणाला?

सुपरवायझर फाटकाशीच भेटला. पन्नाशीचा, भला माणूस. आपली भाषा तो बोलायचा, पण लिंग-वचनांशी त्याचं उभं वैर होतं.

"सर, मशीन चांगला आहे. तुमचे दोन माणूस आला, दोघं बोलला, मशीन चांगला."

"मग बंद का पडते?"

सुपरवायझरनं आवाज खाली आणला. "मशीन नाही सर. बाई. दुसऱ्या पाळीत एकदा पण बंद नाही. फक्त या बाईच्या पाळीत. मोठे साहेब बोलला, आज तिसरा कागद. आज पण ‘दोष नाही’ आला, तर उद्या बाई घरी. अकरा वर्षं झाला तिला, सर. चांगली बाई. पण मी काय करणार?"

काबरेनं पिशवी खाली ठेवली. तोंड दाखवायला म्हणून आलेला माणूस तो, आणि इथं त्याच्या हातून कोणाच्या तरी पोटावर पाय पडायची तयारी झाली होती. मालकांनी हे सांगितलं नव्हतं. त्यांना तरी कुठं ठाऊक होतं म्हणा.

मशीनवरची बाई चाळिशीची होती. डोक्याला निळा रुमाल, बाह्या कोपरापर्यंत वर दुमडलेल्या. माहेर हद्दीच्या अलीकडचं, त्यामुळे बोलणं आपलंच. त्याला बघताच तिचा हात लाल बटणाकडे गेला.

"बंद करू ना साहेब? मागच्या दोघांनी आल्या आल्या बंदच करायला लावली होती."

"नको नको, चालू राहू दे. मी नुसता बघत बसतो."

तिनं मान वळवून त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि पुन्हा कामाला लागली. वड्या येत होत्या, कागद दुमडत होता, मिनिटाला नव्वद. काबरे एका उलट्या खोक्यावर बसला आणि त्यानं मशीनची वही मांडीवर घेतली.

वाचायचा त्याला भारी नाद. दुसऱ्याच्या घरी गेला तर फडताळात अंथरलेला जुना कागदही तो मान वाकडी करून वाचे. त्याच्याच कारखान्यानं मशीनबरोबर दिलेल्या या वहीत चार रकाने छापलेले होते: तारीख, वेळ, काय झाले, किती मिनिटे. खाली बाईचं गोल, ठसठशीत अक्षर. ‘११.०५. थांबवली. ४ मि.’ ‘१०.५५. थांबवली. ५ मि.’ दोन पानं त्यानं उलटली, मग पुन्हा मागे आला. एका शब्दावर बोट ठेवून त्यानं सुपरवायझरला हाक मारली.

"हे काय लिहिलंय, वाचा बरं."

"थांबली."

"नीट वाचा."

"थां-ब-ली. थांबला. बंद पडला." सुपरवायझर गोंधळला. "एकच ना, सर?"

एकच? ध चा मा झाला तर केवढा अनर्थ होतो ते आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, आणि इथं तर एक अख्खा ‘व’ गिळून बसले होते! बाई रोज लिहीत होती की मी थांबवली. हा गृहस्थ रोज वाचत होता की थांबली, आणि ई-मेलमध्ये लिहीत होता की बंद पडते. त्याची भाषा नव्हे, त्याला बोल काय लावायचा? पण आपले ते दोन पठ्ठे! या भाषेत जन्मले, या भाषेत भांडले, आणि वही उघडायचे कष्ट काही घेतले नाहीत. ई-मेल वाचली, मशीन बंद केली, खोलली, पुसली, अर्धा तास चालवून बघितली आणि गाडी गाठली. काबरेला त्या दोघांचा असा राग आला की ते समोर असते तर त्यानं त्यांना तोच शब्द शंभर वेळा लिहायला लावला असता.

त्या भरात तो सुपरवायझरला फरक समजावून बसला. समजावून झाल्यावर सुपरवायझरचा चेहरा उतरला.

"म्हणजे बाई स्वतः थांबवते? सर, विचारल्याशिवाय मशीन थांबवायचा नाही, असा नियम आहे. हे मोठ्या साहेबाला सांगावा लागेल."

आणि तो गेलासुद्धा. काबरेनं कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! दोन महिने जे झाकलेलं होतं ते यानं पाच मिनिटांत उघडं पाडलं, आणि तेही नेमकं बाईच्या विरुद्ध. आता कारण सापडलं नाही तर तिची नोकरी काबरेच्या चौकसपणानंच जाणार होती.

घड्याळात दहा पन्नास. तो उठून तिच्या जवळ उभा राहिला. तिचा उजवा हात कागदाच्या रिळाकडे होता. डावा हात हळूच खाली गेला आणि कन्व्हेअरखालच्या पत्र्याच्या झाकणावर सपाट टेकला. ओठ हलत होते. ती अंक मोजत होती. तेरापाशी तिनं हात झटकन काढला आणि लाल बटण दाबलं. मशीन थांबली.

"ताई, का बरं थांबवली?"

"सोसत नाही तिला."

"कुणाला?"

"हिला." तिनं मशीनकडे मान केली. "सकाळी वीस मोजेपर्यंत हात ठेवता येतो. अकराच्या आसपास बारा-तेरा झाले की चटका बसतो. लेकराच्या अंगाला हात लावून बघतो ना आपण, तसंच. चार मिनिटं उसंत दिली की उतरतो ताप. दुपारी साडेतीनला पुन्हा."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं की! म्हणाले, मशीन आहे, गरम व्हायचीच. मग मी लिहायला लागले. पण वहीत ‘काय झाले’ला जागा आहे, ‘का’ला कुठं आहे?" तिनं झाकणावर पुन्हा हात टेकवून बघितला. "आणि दुसऱ्या पाळीत तिला कोणी हात लावत नाही. म्हणून तिथं ती चांगली."

तेवढ्यात मोठे साहेब आले, मागे सुपरवायझर. साहेबांनी बाईला तिथल्या भाषेत एकच प्रश्न विचारला आणि तिनं मान हलवून हो म्हटलं. काबरेला शब्द कळला नाही, पण विचारलं काय ते कळलं. तो मध्ये पडला.

"साहेब, मशीन चालू करायला सांगतो. दोन मिनिटांनी हात इथं ठेवा आणि वीस मोजा."

साहेबांनी हात ठेवला. सातला काढला, आणि तळवा पँटीला पुसल्यासारखं केलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं काबरेच्या जिभेवर आलं होतं, पण सुपरवायझरला ते भाषांतर करावं लागलं असतं म्हणून तो गप्प बसला.

"गरम आहे," साहेब सुपरवायझरमार्फत म्हणाले. "पण दोष कुठे आहे? तो दाखवा. नाहीतर तिनं नियम मोडलाय, एवढंच माझ्याकडे लिहिलेलं आहे."

जेवणाच्या सुट्टीत काबरे मशीनखाली आडवा झाला. बाई डबा न उघडता बॅटरी धरून शेजारी उकिडवी बसली. झाकण काढलं. आतलं बेअरिंग काळंठिक्कर, ग्रीसचा थेंब नाही. का बरं? ग्रीस तर दर आठवड्याला भरत होते, बाहेर ओघळ दिसत होते. त्यानं ग्रीस भरायच्या भोकाच्या तोंडावर नख घासलं. हिरवा पापुद्रा निघाला. रंग! मशीनला रंग मारताना ग्रीसचं भोकच रंगानं बुजलं होतं. भरलेलं ग्रीस आत जातच नव्हतं, बाजूनं ओघळत होतं, आणि ते बघून सगळ्यांना वाटे की भरलं.

"सापडलं!" तो इतक्या आनंदानं ओरडला की त्याचं डोकं पत्र्यावर आपटलं.

पिशवीत नवं बेअरिंग होतं, ते बसवलं. भोक मोकळं केलं. मग डोकं चोळत त्यानं मशीनच्या खालच्या दारामागच्या कप्प्यातून तपासणीचा कागद काढला. कारखान्यातून मशीन निघण्याआधी प्रत्येक गोष्ट बघून त्यावर खूण करायची असते. चौदावी ओळ: ‘ग्रीसची वाट मोकळी आहे.’ समोर खूण होती. खूण कसली, अकरापासून अठरापर्यंत एकच लांब रेघ ओढलेली होती. आणि खाली सही.

ती सही बघून काबरेचे कान गरम झाले. त्याला ती दुपार आठवली. शेजारच्या शेडमध्ये बाहेरून आलेल्या नव्या मशीनचं खोकं उघडत होते आणि आत काय असेल या विचारानं त्याचे पाय जागेवर ठरत नव्हते.

"कुणाची हो ही सही?" बाईनं विचारलं. बॅटरीचा उजेड नेमका तिथंच पडला होता.

कागद घडी करून खिशात घालता आला असता. मशीनखाली दोघंच होते, आणि मालक तर त्याला शाबासकीच देते. त्यानं घडी घातलीसुद्धा. मग उलगडली.

"माझी."

"न बघता केलीत?"

"हो."

"का बरं?"

तिला त्याचं टोपणनाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिनं साधं विचारलं होतं. पण अठरा वर्षं सगळ्या जगाला तो जे विचारत फिरला, ते त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. लाज वाटली, खूप वाटली.

दोन वाजता त्यानं कागद लिहून दिला. साहेबांना कळावं म्हणून सुपरवायझरनं तो आधी मोठ्यानं वाचला, एकेक अक्षर चावून. "मशीन थांबली नाही. थां-ब-व-ली. चालकाने वेळीच थांबवली म्हणून वाचली. दोष: ग्रीसची वाट रंगाने बंद. तपासणाऱ्याने न बघता सही केली. तपासणारा: मी." त्यानं मान वर केली. "सर, हा ‘मी’ कोण?"

"मी म्हणजे मी."

साहेबांनी कागदावर सही-शिक्का केला. मग बाईकडे वळून ते चारच शब्द बोलले. ती पाठमोरी झाली आणि डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधू लागली, दोनदा बांधला. काबरेनं सुपरवायझरला विचारलं, काय म्हणाले?

"उद्या आठला ये, बोलला."

साडेतीनला बाईनं झाकणावर हात ठेवला. वीस झाले, चाळीस झाले, साठला तिनं हसून हात काढला. मग वही उघडली, पट्टी नव्हती म्हणून साबणाच्या खोक्याची कड लावली, आणि पानाच्या उजवीकडे पाचवा रकाना आखला. वर लिहिलं, ‘का’. वही तिनं काबरेपुढे सरकवली.

"आजचं तुम्ही लिहा."

पेन हातात घेऊन तो उभा राहिला. गाडीची वेळ होत आली होती. शेवटी त्यानं लिहिलं: ‘तपासणारा त्या दिवशी दुसरीकडे बघत होता.’

तिनं ते दोनदा वाचलं. एकही अक्षर गिळलं नाही.

"असू दे दादा," ती म्हणाली. "आज इकडं बघितलंत ना."