पाचही मॉडेलचे ड्रायव्हर

नव्या संगणकात ड्रायव्हर नेमके किती टाकावेत, हा प्रश्न मी सोडवायला घेतला आणि पावणेतीन तासांत आमचा संगणक मुका, आंधळा आणि आडवा झाला.

प्रथम व्याख्या. ड्रायव्हर म्हणजे संगणकाला त्याचेच अवयव ओळखायला शिकवणारी आज्ञावली. ती नसेल, तर तोंड असूनही तो बोलत नाही. (एकतीस वर्षे सुरतेतील मराठी शाळेत गणित शिकवल्यामुळे व्याख्येशिवाय मला पुढे सरकता येत नाही. क्षमस्व.)

त्या दिवशी दुपारी चारला आमच्या मनीषाची ऑनलाइन मुलाखत होती. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका कापड कारखान्यात ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्याची नोकरी. आधीच्या दोन मुलाखती जुन्या संगणकाने ऐन उत्तराच्या मध्यावर बंद पडून घालवल्या होत्या. म्हणून तर हा नवा जोडून आणला. मनीषा कडोदऱ्याच्या सध्याच्या कामावरून अर्धी रजा घेऊन तीनला येणार होती. निघताना तिने बजावले, "पप्पा, ड्रायव्हर या पेनड्राइव्हमध्ये आहेत. मी आल्यावर टाकेन. तुम्ही हात लावू नका हं!"

मी मान हलवली. (होकारार्थी नव्हे.)

पेनड्राइव्हमध्ये पाच फोल्डर निघाले. दुकानदाराने पाच वेगवेगळ्या मॉडेलचे ड्रायव्हर एकत्र भरून दिले होते; त्यांतला एकच आमचा. दुसऱ्या कोणी तो एक शोधला असता. पण परीक्षेला येणार नाही म्हणून शेवटचा धडा गाळणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी माझे मत चांगले नाही. वहीला समास आखला, अनुक्रमांक घातले आणि पहिल्या फोल्डरपासून संपूर्ण अभ्यासक्रम सुरू केला.

दुसऱ्या फोल्डरला संगणकाने 'हे या यंत्रासाठी नाही' असे स्पष्ट लिहून कळवले.

सौ. लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "आवो, तो नही म्हनी ऱ्हायना ना?"

"सुरुवातीला सगळेच नाही म्हणतात. आपण आग्रह धरायचा असतो."

मी आग्रह धरला. आवाज गेला! तिसऱ्या फोल्डरला कॅमेरा गेला. चौथ्याला इंटरनेट गेले. पाचव्याला पडद्यावरचे सगळे चित्र एका कुशीवर झोपले! मी मान उजव्या खांद्यावर टेकवून वाचू लागलो.

"चित्र आडं पडनं ना? मंग टीव्हीच आडा करा!" सौं.नी तोडगा काढला आणि आम्ही दोघांनी मॉनिटर उचलून तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. दिसायला चांगले दिसू लागले. मी वहीत 'दुरुस्त' असे लिहिले.

त्याच क्षणी मनीषा आली. तिने डबा पाहिला, मॉनिटर पाहिला, मग माझी मान पाहिली. ती अजून तिरपीच होती.

"पप्पा, किती टाकले?"

"सर्व."

"सर्व म्हणजे?"

"पाचही. एकही गाळला नाही."

तिने घड्याळाकडे पाहिले. एक तास उरला होता. मग अत्यंत शांत आवाजात म्हणाली, "पप्पा, तुम्ही खूप मेहनत घेतली. आता इथे बसा. मी काय करतेय ते एकेक सांगते, तुम्ही वहीत लिहा." मला बरे वाटले, मी बसलो. तिने माझे चुकीचे ड्रायव्हर एकामागून एक काढले, मोबाइल वायरने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला दिले, आणि त्या कृतघ्न यंत्राने स्वतःला हवे ते ड्रायव्हर स्वतःच शोधून घेतले! चार वाजायला सहा मिनिटे असताना चित्र सरळ झाले.

मुलाखत सुरू झाली. मी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, वेताच्या बसक्या मोढ्यावर बसून.

पडद्यावरचे साहेब म्हणाले, "मानो कोई कस्टमर है. पूरी गलती उसी की है, और मानने को तैयार नहीं. कैसे समझाओगी?"

"पाठ ताठ ठेव. आधी प्रश्न पूर्ण समजून घे," मी हळूच सुचवले.

"पीछे कौन बोल रहा है?"

आवाजाचा ड्रायव्हर उत्तम बसला होता.

मनीषा गालात हसली. "सर, वही कस्टमर हैं. अभी एक घंटा समझाकर, नोटबुक देकर कोने में बिठाया है."

साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा टेबलावर पडला. नोकरी तिथेच पक्की झाली.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर : शून्य, यंत्र आपले आपण पाहून घेते. मात्र हे उत्तर वाचकांनी आपापल्या संगणकावर स्वतः पडताळून पाहावे, ही विनंती. मला माऊसला हात लावायला घरात मनाई आहे.