रविवारचा ऑफसाइड

मुलगी अकरावी-बारावीच्या क्लाससाठी लातूरला गेली, तिच्यासोबत तिची आई गेली, आणि मी वसमतला एकटा राहिलो. सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायची माझी नोकरी. ती सोडून जाता येण्यासारखं नव्हतं. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतलं दोन खोल्यांचं आमचं घर तेव्हा मला फार मोठं वाटायला लागलं.

फुटबॉलचं वेड खरं म्हणजे मुलीचं. ती शाळेच्या संघात खेळायची. शनिवार-रविवारी संध्याकाळी परदेशातल्या लीगचे सामने लागले की आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन बघत बसायचो. ती गेल्यावर सामने मी एकटाच बघू लागलो. मैदानाबाहेरच्या पंचांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून गोल रद्द केला की मला चैन पडायचं नाही. मी तिला लिहायचो, 'हा ऑफसाइड कसा काय?' उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. कधी नुसता अंगठा. तिचा अभ्यास होता, तिला दोष नव्हता.

वसमतमध्ये क्रिकेटवर बोलायला हवी तेवढी माणसं होती. फुटबॉलवर बोलणारं कुणी नसेल असंच मी धरून चाललो होतो. मग एका रविवारी माझा फ्रिज बंद पडला आणि मी मोंढ्याकडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मालक साठीचे असतील. बारा वर्षं आखातात एसीची कामं करून परत आलेले. कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीवर सामना चालू होता आणि नुकताच एक गोल रद्द झाला होता.

मी उभ्या उभ्याच बोलून गेलो, "बराबर केलं. पास निघाला तवा बचाववाल्याच्या पुढं खांदा होता त्याचा."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "तुमी फुटबॉल पाहता?"

"पाहतो."

"मंग बसा. आन् सांगा, खांद्यानं गोल करतेत काय कोणी?"

त्या दिवसापासून दर रविवारी मी तिथं जाऊ लागलो. आमचे संघ वेगळे होते, त्यामुळे वादाला तोटा नव्हता. माझं म्हणणं असायचं की पडद्यावर रेषा मारली की विषय संपला. ते मानायचे नाहीत. "रेषा सरळ हाय, ते मान्य. पण चित्र कुठं थांबवलं ते सांगा. जरा आधी थांबवलं तर गोल, जरा नंतर थांबवलं तर न्हाई. थांबवणारा तर माणूसच हाय ना?"

"मशीनवर भरवसा ठेवावा लागतो. मी रोज ठेवतो. न्हाई ठेवला तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला जाईल."

"तुमी मशीन वापरता, साहेब. मी दुरुस्त करतो. म्हणून न्हाई ठेवत."

घरी येताना मी हसत यायचो. आठवडाभर दवाखान्यात नळीवर नाव लिही, सुई टोच, कापूस दाब एवढंच चालायचं, कुणाशी फारसं बोलणं होत नसे. रविवारचे ते दोन तास सोडले तर माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, असं म्हटलं तरी चालेल.

साधारण वर्षभराने ते घडलं. आमच्या दोघांच्या संघांचा एकमेकांशी सामना होता. दुकानवाल्यांचे थोरले भाऊ मगरिबची नमाज पढून सहज दुकानात येऊन बसले होते. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. शेवटी शेवटी माझ्या संघाने गोल केला. मी टाळी वाजवली. मग व्हिडिओ बघणं सुरू झालं, चार मिनिटं चाललं, आणि गोल रद्द झाला. थोड्याच वेळात दुकानवाल्यांच्या संघाचा तसाच गोल मात्र मान्य झाला. मी चिडून म्हणालो, "तुमच्या लोकांना कायम सूटच मिळत असते."

मला त्यांचा संघ म्हणायचा होता. दुसरं काहीच माझ्या मनात नव्हतं. पण थोरले भाऊ माझ्याकडे बघत राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "कौन से लोगों को, साहेब?"

मी लगेच बोलायला हवं होतं. बोललो नाही. कारण ते वाक्य मी स्वतः किती ठिकाणी ऐकलं होतं. कॉलेजात, नोकरीला लागताना, अगदी दवाखान्यातल्या चहाच्या टेबलावरसुद्धा. 'तुमच्या लोकांचं बरं असतं.' तेच शब्द आता माझ्या तोंडून निघाले होते. "टीमला म्हणलो मी," एवढं तोंडातून निघेपर्यंत भाऊ चपला घालून बाहेर पडले होते. दुकानवाले टीव्हीकडेच बघत होते. सामना संपल्यावर मी उठलो, तेव्हा ते 'या' म्हणाले नाहीत.

पुढचे चार रविवार मी घरीच काढले. मोबाइल भिंतीला टेकवून सामना लावायचो, आवाज बंद ठेवायचो. एकदा मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, जाऊन सरळ माफी मागा ना. काहून बसलाय घरात?"

पाचव्या रविवारी गेलो. ते एका कूलरच्या मोटरला तेल देत होते. मी उभ्यानेच म्हणालो, "त्या दिवशी माझ्याकडून चुकीचं बोलल्या गेलं. मी टीमचं म्हणत होतो. पण भाऊंना तकलीफ झाली. त्यांची माफी मागायची हाय."

"मला समजलं होतं हो, साहेब," ते म्हणाले. "भाऊलाबी सांगितलं मी. त्याच्या मनात काही न्हाई. बसा."

भाऊंच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, दवाखान्यात साखरेची तपासणी कधी होते ते विचारलं. सगळं नीट झालं.

रविवारचं जाणं पुन्हा सुरू झालं. ते मला आता खुर्ची देतात, पूर्वी मी उलट्या बादलीवर बसायचो. पण ते वाद घालत नाहीत. मी म्हणालो ऑफसाइड, तर ते म्हणतात, "असंल." मी म्हणालो पेनल्टी नव्हती, तर म्हणतात, "व्हय, नव्हती." मागच्या महिन्यात मी मुद्दाम साफ चुकीचं बोललो. चेंडू खेळाडूच्या हाताला लागल्याचं आंधळ्यालाही दिसलं असतं, तरी मी म्हणालो, "हाताला लागलाच न्हाई." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. क्षणभर ते पुढे झुकले, ओठ हलले, असं मला वाटलं. मग ते मागे टेकले.

"तुमी म्हणता तर बराबरच असंल, साहेब," ते म्हणाले आणि चहा सांगायला उठले.