कमरेचा पट्टा

माझा नवरा काही महिने कमरेला पिस्तूल बांधून जिमला जात होता. असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो कोणी उभा राहतो, तो माझा नवरा नव्हे. माझा नवरा म्हणजे घरात कोळी दिसला की आधी मला हाक मारणारा, हॉटेलात भलतीच ऑर्डर आली तरी "असू दे, हेही चांगलंय" म्हणून मुकाट्याने खाणारा सांगलीचा इंजिनिअर. मी पुण्याची. ऑर्डर परत पाठवायचं काम माझ्याकडे.

ही २००६ सालची गोष्ट. आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होतो आणि तो गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करायचा. त्याआधीच्या हिवाळ्यात कामासाठी तो डेट्रॉइटला एका सप्लायरकडे गेला होता. तिकडे थंडीत संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो. पार्किंग लॉटमध्ये एका माणसाने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, पाकीट आणि फोन घेतला आणि त्याला जा म्हणाला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. घरी येऊन त्याने हे सगळं चार वाक्यांत सांगितलं, हवामान सांगावं तसं, आणि मग आमटीभात खाल्ला. मला वाटलं, चला, निभावलं.

निभावलं नव्हतं. आधी गाडीतून उतरण्यापूर्वी तो सगळे आरसे बघत बसायला लागला. मग दूध आणायचंही माझ्यावर ढकलायला लागला. मग एक दिवस सांगितलं की त्याने क्लास केलाय, परमिटचा अर्ज केलाय आणि पिस्तूल कुठलं घ्यायचं तेही ठरलंय. मी आधी भांडले, मग अबोला धरला, मग रडले. बायकोला करता येण्यासारखं जे जे असतं ते सगळं क्रमाने करून पाहिलं.

"तू ओरड हवं तेवढं," तो म्हणाला. "पण मला त्याच्याशिवाय गाडीतून उतरताच येत नाहीये यार. ट्राय केलं मी."

 

संध्याकाळी आम्ही दोघं जिमला जायचो. पोटाला गुंडाळायचा इलॅस्टिकचा रुंद पट्टा मिळतो, त्याला उजवीकडे खिसा असतो. त्यात ते पिस्तूल, आणि वरून ढगळ स्वेटशर्ट. जिमच्या दारावर मनाई करणारी पाटी नाही हे त्याने पहिल्याच दिवशी बघून घेतलं होतं. आजूबाजूची मंडळी बाह्या नसलेले बनियन घालून घाम गाळायची आणि हा एकटा जूनमध्येसुद्धा माघातल्यासारखा गुरफटलेला. ट्रेडमिलवर धावायचा नाही, चालायचा. हात डोक्याच्या वर जातील असा व्यायाम बंद, कारण शर्ट वर सरकतो. जमिनीवर आडवं व्हायचं बंद, कारण ते टोचतं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "तू इथे व्यायाम करायला येतोस की त्याला फिरवायला?" तो हसला नाही. पूर्वी हसला असता.

सगळ्यात वाईट म्हणजे पोहणं बंद झालं. हा माणूस कृष्णेच्या घाटावर वाढलेला. पोरगी बघायला आला तेव्हा नोकरीबद्दल धड बोलला नाही, पण नदी पोहून पलीकडे कसे जायचो ते मात्र हात हलवून हलवून सांगितलं होतं. मी त्या हातांवर भाळले, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. हे जिमही आम्ही तिथल्या तलावासाठीच घेतलं होतं. आता तलावाच्या काचेजवळून जाताना तो मान दुसरीकडे वळवायचा. पाण्यात उतरायचं तर पट्टा काढून लॉकरमध्ये ठेवावा लागणार, आणि ते त्याला जमत नव्हतं.

शिवाय उजवा हात. उजवा हात कायम मोकळा हवा, असं त्याला क्लासमध्ये शिकवलं होतं म्हणे. त्यामुळे सामानाच्या पिशव्या डाव्या हातात नाहीतर माझ्याकडे, आणि मी चालायचं ते त्याच्या डावीकडून. उजवीकडून जवळ गेले की तो नकळत अंग चोरायचा. आमच्या लग्नात एक तिसरं माणूस येऊन राहिल्यासारखं झालं होतं, आणि त्याची बाजू ठरलेली होती.

जूनमध्ये सासूबाई सांगलीहून आल्या. सहा महिने राहणार होत्या. त्यांना लुटालुटीचं काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. त्यांना रक्तदाब, शिवाय सासरे गेल्यापासून त्या एकट्या. तिकडे परत गेल्यावर रात्रंदिवस हाच घोर लागला असता.

त्या आल्यानंतर लवकरच ड्रायरमधले कपडे काढताना त्यांच्या हाती तो पट्टा लागला. पिस्तूल अर्थातच कुलपाच्या पेटीत होतं.

"हे काय गं?"

मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "पाठीचा पट्टा आहे, आई. थोडी पाठ धरते."

एवढं म्हणायचा अवकाश, घरात दवाखाना सुरू झाला. रोज सकाळी याने पालथं पडायचं आणि सासूबाईंनी सामानातून आणलेलं निर्गुडीचं तेल त्याच्या ठणठणीत पाठीला चोळायचं. वर शेक. दुधाचा गॅलन त्याने उचलायचा नाही, तो मी उचलायचा. गादी काढून सतरंजीवर झोपायचं. तो बिचारा ऑफिसला निर्गुडीचा वास घेऊन जायचा. मला मनातून फार आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू? म्हटलं, घे आता.

पण एक सकाळ माझ्या लक्षात राहिली आहे. मी चहा घेऊन खोलीत गेले तर सासूबाईंचा हात त्याच्या पाठीवर होता, तेल केव्हाच जिरलं होतं आणि तो गाढ झोपला होता. महिनोन् महिने त्याला तसं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी मला बोटाने गप्प राहायला सांगितलं आणि चहा परत न्यायला लावला.

त्या आमच्याबरोबर जिमलाही यायच्या. तलावाच्या काचेसमोर खुर्च्या होत्या, तिथे नऊवारीवर माझा जुना स्वेटर चढवून कापसाच्या वाती वळत बसायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या अमेरिकन बाया कौतुकाने थांबायच्या, "ब्यूटिफुल" म्हणायच्या. सासूबाई त्यांना एकेक वात देऊन टाकायच्या. त्या बायांनी त्यांचं पुढे काय केलं देव जाणे.

"एवढं पाणी आहे, आणि हा उतरत कसा नाही?" त्यांनी मला विचारलं.

"पाठीमुळे, आई."

"पाठीला पोहणं चांगलं असतं," त्या म्हणाल्या आणि पुढची वात घेतली. पुन्हा काही विचारलं नाही.

ऑक्टोबर उजाडला. त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली होती. सासूबाईंनी सकाळीच जेवणाच्या टेबलाजवळ पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. सासरची पद्धत अशी की, ज्याच्यावर घर चालतं ती सगळी हत्यारं त्या दिवशी पुसून पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यांनाही एक दिवस विसावा. त्यांनी सांगलीहून आणलेली घडीची विळी, माझी शिवणाची कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, नवऱ्याचा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली असं सगळं मांडलं. गाडीच्या दोन किल्ल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर दिवसभर घरीच बसलो असतो. मी कुंडीतला झेंडू तोडून आणला.

कुंकवाची कोयरी हातात घेऊन सासूबाई थांबल्या. नवरा समोर उभा होता.

"तुझं ते आण," त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"कमरेला बांधतोस ते. तेही हत्यारच ना?"

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. मी देवाशपथ काही सांगितलं नव्हतं.

"पाठीच्या पट्ट्याला खिसा कशाला असेल रे?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आणि पाठ धरलेला माणूस खाली वाकून बुटाची नाडी बांधतो होय? त्या दिवशी जिममध्ये तू वरची वस्तू काढायला गेलास, तेव्हा शर्ट वर गेला. मी बघितलं."

"मग रोज तेल कशाला लावत होतीस?"

"तू लावून घेत होतास म्हणून."

तो आत गेला. गोळ्या काढून आत कुलपात ठेवल्या, पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा तपासलं आणि बाहेर आला. सासूबाईंनी विळी जरा सरकवून जागा केली. कात्री आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मध्ये ते काळं धूड पडलं, आणि त्यांनी सगळ्यांना जसं लावलं तसंच त्यालाही हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मग त्या म्हणाल्या, "कोणी मारलं होतं का तुला?"

आणि तो बोलायला लागला. पाटासमोर मांडी घालून, खाली बघत. मला सांगितलेली चार वाक्यं नव्हेत. तो माणूस म्हणजे विशीतला पोरगा होता, त्याचा हात थंडीने की भीतीने थरथरत होता, ते त्याने सांगितलं. त्या पोराने जा म्हटल्यावर आपण काय केलं तेही सांगितलं. मला हे तोवर माहीत नव्हतं.

"मी त्याला थँक यू म्हणालो, आई," तो म्हणाला. "त्याने मला लुटलं आणि मी थँक यू म्हणालो. तोंडातून गेलंच. रोज आठवतं मला ते."

माझा हा गरीब माणूस हे एवढंसं दोन शब्दांचं ओझं हिवाळ्यापासून वाहत होता आणि मी त्याला टोमणे मारत होते. मला एकदम भडभडून आलं. सासूबाईंनी मात्र डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. त्याच्या कपाळाला उरलेलं कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस. तुला घरी येऊ दिलं त्याने. मीही म्हणाले असते."

संध्याकाळी जिमची वेळ झाली. पिस्तूल पाटावर होतं. उचलायचं तर आईच्या पूजेतून उचलावं लागणार. तो पाटापाशी बराच वेळ घुटमळला. मग आत जाऊन पोहायची चड्डी आणि टॉवेल घेऊन आला. जिमपाशी गाडी थांबली तरी तो स्टीअरिंग धरून बसून राहिला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी मागून माझा खांदा दाबला. आम्ही थांबलो. इंजिन बंद, गाडी गार पडत चाललेली. शेवटी त्याने दार उघडलं.

काचेपलीकडे तो पाण्याच्या काठावर आला तेव्हा त्याचा हात दोनदा उजव्या कमरेकडे गेला. तिथे काही नव्हतं. पट्ट्याचा वळ तेवढा दिसत होता.

"लहानपणी याच्या कमरेला वाळका भोपळा बांधायचो, पोहायला शिकताना," सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या. "याच्याबरोबरीची पोरं सुटी पोहायला लागली, याचा भोपळा सुटेना. दोन उन्हाळे. हे चिडायचे. मी म्हणायची, बांधू द्या त्याला."

"मग सुटला कसा?"

"एक दिवस मीच लपवून ठेवला. घाटावर उभा राहून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होता."

काचेपलीकडे त्याने वर बघितलं. आधी माझ्याकडे नाही, आईकडे. मग उतरला. पहिले काही हात नुसतेच आपटले, मग ते लांब, सावकाश व्हायला लागले, मला बघायला आला तेव्हा त्याने हवेत करून दाखवले होते तसे. सासूबाईंच्या हातातली वात तशीच राहिली होती. तो दिसेनासा होऊ नये म्हणून की काय, त्या काचेला हात लावून उभ्या होत्या, आणि आता त्या रडत होत्या.

त्याचा पट्टा त्या दिवशी कायमचा सुटला असं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना त्याने तो पुन्हा बांधला. मी चिडले तर सासूबाईंनी मला नुसतं "दोन उन्हाळे" म्हणून गप्प केलं. पण जिमला तो आता पट्ट्याशिवाय जायला लागला, आणि पुढे कधीतरी ती पेटी उघडायची राहून जायला लागली.

त्या रविवारी तलावातून निघून आम्ही पार्किंग लॉटमध्ये आलो तेव्हा अंधार पडला होता. सासूबाई पुढे चालत होत्या. बॅग त्याने उजव्या खांद्यावर घेतली होती. माझ्या सवयीने मी त्याच्या डावीकडे होते. थोडं चालल्यावर त्याने बॅग डाव्या खांद्यावर टाकली, थांबला आणि म्हणाला, "इकडून ये ना."

मी वळसा घालून त्याच्या उजवीकडे गेले आणि तो हात धरला. गार होता, आणि त्याला क्लोरीनचा वास येत होता.