मैनाबाईचा हात

गरम पाणी बघायला नागपूरहून पाच तास गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि वर डोंगर चढायचा, हा येडेपणा मैनाबाईच्या टाळक्यात शिरत नव्हता. नागपुरातल्या पाचपावलीत विणकरांचं सूत रंगवण्यात तिची चाळीस वर्षं गेली. उकळत्या रंगातल्या लडी ती नुसत्या हातानं फिरवायची. आणि हा जवाई तिला गरम पाण्याचं कौतुक दाखवणार!

जंगलातलं ते कुंड वाफाळत होतं. जवाई पियुष मोबाइल घेऊन त्याच्याभोवती नाचत होता.

"याच्यासाठी आणलं मले? चुलीवर भगोनं ठेवलं असतं तं घरीच दिसलं असतं."

"आई, चटका तर नाही ना बसणार?" बूट काढत त्यानं विचारलं.

रंग किती तापला, हे अख्खा मोहल्ला तिलाच विचारायचा. तिनं मनगटापर्यंत हात घालून पाणी ढवळलं.

"कोमट हाय. याच्याहून गरम तं तुमच्या घरचा चहा रायते. उतरा."

पियुषनं पाय टाकले आणि किंचाळत बाहेर उडी मारली. पाय लालबुंद झाले होते.

"लोण्याचे पाय घेऊन डोंगर पाह्याले येता काहून, जवाईबापू?" तिनं तोंड वाकडं केलं, लुगडं वर खोचलं आणि त्याला दाखवायला ऐटीत पाय बुडवला.

तळव्याला आग लागली. तिनं पाय झटकन ओढून घेतला.

पियुष बघत होता. तिनं गपचूप पुन्हा हात पाण्यात घातला.

हाताला ते कोमटच लागत होतं.