घरचा व्हाइस, प्रवासातला व्हाइस

कुणाशीही ओळख झाली की तो हात मिळवायचा नाही. समोरच्याचं मनगट धरायचा, सगळा जोर लावून आवळायचा आणि विचारायचा, "सुटतंय का?"

डेन्व्हरजवळच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, आमची पहिली भेट अशीच झाली. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. संध्याकाळी मला चहाचा कप धरवेना, तेव्हा बायकोनं विचारलं, "मशीनमध्ये गेला का हात?" मी म्हटलं, "नाही गं, एक मराठी माणूस भेटला."

त्याचं नाव सांगत नाही. त्याची मुलगी अजून याच भागात राहते आणि तिनं पुष्कळ सोसलंय. पण तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा. हातात विलक्षण कसब आणि राग कायम नाकावर. बिघडलेला पार्ट दुरुस्त करायला त्याच्याकडेच जायचं, आणि देताना दोन पावलं लांब उभं राहायचं. मला त्याचा संताप यायचा आणि त्याच्याशिवाय करमायचंही नाही.

त्याची मुलगी नीता शाळेच्या टीममधून स्की रेसमध्ये उतरायला लागली. ह्या सोलापूरच्या गड्याला बर्फ ठाऊक होता तो उसाच्या रसातला. पण स्कीला, म्हणजे बर्फावर घसरायला पायाला अडकवतात त्या लांब पट्टीला, दोन्ही बाजूंनी पोलादी कडा असते, तिला कानशीनं धार लावावी लागते आणि तळाला गरम मेण चोपडावं लागतं, हे कळल्यावर त्याचा चेहरा उजळला. दुकानात हे सगळं करून मिळायचं. "माझ्या लेकीच्या स्कीला परका माणूस कानस लावणार? मग मी काय चुलीत घालायला शिकलो हे?" म्हणाला, आणि कामाला लागला.

स्की लांब, लवचीक आणि घसरडी. धार लावताना तिला धरणार कशात, हा खरा प्रश्न. पहिला व्हाइस, म्हणजे वस्तू जबड्यात आवळून धरणारा शिकंजा, त्यानं आणला तो हलका होता, पायांना रबरी चकत्या, टेबलाला चिकटणाऱ्या. कानशीच्या तिसऱ्या हाताला चकती सुटली आणि कानस त्याच्या अंगठ्याखाली घुसली. त्यानं जखमेवर चिंधी बांधली, व्हाइस बाहेर ड्राइव्हवेवर नेला आणि मोठ्या घणानं त्याचा भुगा केला. समोरच्या घरातल्या बाईनं पडदे ओढून घेतले.

दुसरा आमच्या टूलरूममधल्यासारखा, बिडाचा. त्याच्या जबड्यांनी स्कीच्या बाजूला चावल्यासारखे खड्डे पाडले. तो त्यानं उचलून गराजच्या भिंतीवर फेकला. भिंतीला पडलेलं भगदाड वर्षभर तसंच होतं. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्यावर गणपतीचं कॅलेंडर टांगलं.

तिसरा खास स्कीसाठी केलेला, तीन तुकड्यांचा. पुढचा नि मागचा तुकडा स्कीला नुसता आधार देतो आणि मधला रबर लावलेल्या जबड्यात धरतो. कडेवर उभी करा, पालथी घाला, हलत नाही. तो त्यानं बोल्ट मारून बाकाला बसवला, स्की आवळली आणि तिला स्वतः लोंबकळला. "बघ, सुटतंय का?" खंडेनवमीला त्या व्हाइसला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. इतर दिवशी मात्र ह्याच्या तोंडी फक्त शिव्या.

रेस मात्र डोंगरात असत, आदल्या दिवशी मोटेलात मुक्काम. तिथं बाक कुठला? म्हणून प्रवासाचा वेगळा व्हाइस, टेबलाच्या कडेला स्क्रूनं अडकवायचा. "घरच्याला वजन पाहिजे, प्रवासातल्याला तोंड मोठं पाहिजे," तो मला बजावायचा. "टेबल जाड निघालं की बसा बोंबलत." त्यासाठी तो कारखान्यातून मोटेलांना फोन करायचा.

"तुमच्या खोलीतलं टेबल किती जाड आहे?"

"सर, हे मोटेल आहे."

"माहितेय मला. टेप घेऊन खोलीत जा. मी थांबतो."

एकानं फोन ठेवून दिला. ह्यानं रिसीव्हर असा आपटला की त्याचे दोन तुकडे झाले. आम्ही हसलो. त्याचं सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो, ही आमची चूक. वहिनी आमच्याबरोबर हसत नसत, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आता ती गोष्ट सांगतो. सांगायला जड जातं.

घाटातलं ड्रायव्हिंग एकट्याला नको म्हणून त्या वेळी मी बरोबर गेलो होतो. दुपारी मोटेलात पोचलो. टेबल भुशाच्या फळीचं, वर गुळगुळीत पापुद्रा. त्यानं व्हाइस लावला, आवळला, हलवून पाहिला, पुन्हा आवळला. नीता पलंगावर बसून स्कीच्या ब्रेकला रबर बँड लावत होती, म्हणजे कानशीच्या आड ब्रेक येत नाही. पंधरा वर्षांची पोर, अगदी गप्प. तिनं एकदा मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, बास ना."

त्यानं आणखी एक पीळ दिला. कानस चालवायला लागला आणि तिसऱ्या-चौथ्या हाताला फळीची कडाच फुटली. व्हाइससकट स्की खाली, खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर आदळली. कडेचा मोठा टवका उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रेस होती.

"यू ऑल्वेज ओव्हरटाइटन," नीता म्हणाली. हळूच म्हणाली. रडवेली झाली होती.

त्यानं तिला मारलं. उलट्या हातानं, अंगात होता नव्हता तेवढ्या जोरानं. ती दाराच्या चौकटीवर आपटली. ओठ फुटला, दात रक्तानं भरले. दुसऱ्यांदा त्याचा हात उठला तेव्हा मी तो धरला. मला झटकून त्यानं टेबल उलथलं, व्हाइस उचलून आरशावर घातला. शेजारच्या खोलीतून कुणीतरी पोलिसांना फोन केला.

दोन पोलीस आले. एक नीताजवळ बसला, दुसऱ्यानं मला बाहेर नेलं आणि काय झालं विचारलं. मला वाटलं, आपण शांतपणे समजावून सांगितलं तर निभावेल. मी म्हणालो, "ऑफिसर, यात विशेष काही नाही. आमच्याकडे आईबाप मारतात पोरांना. इट्स नॉर्मल. मन साफ आहे त्याचं."

"म्हणजे हा नेहमी मारतो?"

"नेहमी नाही. तिची काही चूक झाली तरच."

त्यानं ते सगळं लिहून घेतलं. मित्राला वाचवायला गेलो आणि त्याच्या गळ्यात मीच दोर अडकवला. नीता दारातून ऐकत होती. माझं बोलणं तिला ऐकू गेलं, हे मी पाहिलं आणि तरी बोलत राहिलो. तेवढ्यात हा बाहेर आला आणि पोलिसाच्या वहीवर झडप घातली. दोघांनी मिळून त्याला गाडीच्या बॉनेटवर पालथा पाडला, हात मागे पिरगाळले. त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो मराठीत ओरडत होता, की माझ्या पोरीची रेस आहे उद्या.

कोर्टानं त्याला वर्षभर घरापासून लांब राहायला सांगितलं. वहिनी पहिल्यांदाच ताठ उभ्या राहिल्या, मुलीच्या बाजूनं. त्याला चँडलरला काम मिळालं, कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात, दूर दुसऱ्या राज्यात, वाळवंटात. जाण्यापूर्वी दोन महिने तो माझ्या गराजमध्ये यायचा. मी नीताच्या स्की आणायचो, तो धार लावायचा, मी परत नेऊन द्यायचो. दुकानातून आणल्या असं सांगायचो. तिसऱ्या खेपेला तिनं कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाली, "काका, दुकानवाले असं काम करत नाहीत. आता नका नेऊ." मी मान खाली घालून निघालो.

वर्ष सरलं. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि प्रश्न एकच, "माझ्याबद्दल काही विचारते का?" मी काहीतरी गुळमुळीत बोलायचो.

हिवाळ्याच्या तोंडी नीता माझ्याकडे आली. तिला स्वतःचा व्हाइस घ्यायचा होता, मी बरोबर यावं म्हणाली. दुकानात तिनं चार-पाच हाताळले. स्क्रू फिरवायचे बाजूला ठेवले आणि खटका दाबला की बसणारा एक साधा उचलला. मी म्हटलं, "पकड थोडी हलकी आहे." ती म्हणाली, "पुरे आहे. आय कॅन होल्ड द रेस्ट."

परतताना ती गाडीत व्हाइसचा खटका दाबून बघत होती. मग म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही पोलिसाला सांगितलंत, इट्स नॉर्मल. बाबांनी मारलं ते मी विसरेन कदाचित. ते नाही विसरत." मला माफी मागायची होती. मी नजर रस्त्यावर ठेवून घरापर्यंत गाडी चालवत राहिलो.

रविवारी त्याचा फोन आला. मी सांगितलं, नीतानं व्हाइस घेतला. क्षणभर तो इतका आनंदला की विचारता सोय नाही. कुठला, किती तुकड्यांचा, रबर कसलं, प्रश्नांची सरबत्ती. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. इतका मऊ मी तो कधी ऐकला नव्हता.

"अरे, बाकाला नीट बसवायला पाहिजे तो. पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे मला. मी येऊ का बसवून द्यायला? अर्ध्या तासाचं काम. तिच्याशी बोलणारसुद्धा नाही. तू विचार तिला. नाही तर तूच सांग, येऊ का?"

नीताला विचारून सांगतो म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं मी तेच करत आलो होतो.

"नको येऊस," मी म्हणालो.

त्याचा श्वास ऐकू येत होता. मी रिसीव्हर कानाला लावून उभा राहिलो, आता तो फोन आदळेल म्हणून. त्यानं तो इतका अलगद ठेवला, की फोन बंद झालाय हे मला जरा वेळानं कळलं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.