बेसबॉल बघायला जाणारे दाजी

अक्काचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरात मेथी निवडत बसले होते. "शालू, ये," एवढंच ती म्हणाली. दाजी बरेच दिवस अंथरुणाला खिळले होते, त्यामुळे पुढचं विचारायची गरज नव्हती. मेथी तशीच टाकली आणि जळगावची बस धरली. पारोळा मागे पडलं आणि मोबाईल वाजला. माझ्या मुलाने, प्रसादने, मला एकदा बेसबॉलवाल्यांच्या ग्रुपवर घातलं होतं, आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हे मला अजून जमलेलं नाही. तिथे दाजींचा फोटो आला होता. कुठल्याशा लग्नातला, डोक्याला फेटा, शेजारच्या माणसाचा अर्धा कान तसाच राहून गेलेला. वर लिहिलं होतं, 'बेसबॉलमहर्षी आबासाहेब यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली हात जोडलेल्यांची रांग. एकाने घाईघाईत वाढदिवसाचा केक टाकला होता आणि मग दुरुस्ती म्हणून दोन केक. रडू येत होतं, पण त्याच्या आधी राग आला. महर्षी म्हणे! ज्या माणसाने आयुष्यात कधी बॅट हातात धरली नाही, ज्याला मैदानावर बसायला कधी धड खुर्ची कोणी दिली नाही, तो मेल्याबरोबर महर्षी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे आमच्याच धुळ्याकडच्या खेड्यातले. नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात झाली, घर नशिराबादला बांधलं. सगळं आयुष्य तिकडे गेलं, तरी जिभेवरची अहिराणी काही सुटली नाही. आमचं मेहुणी-दाजीचं नातं, त्यामुळे मी त्यांना वाट्टेल ते बोलायचे आणि ते ऐकून घ्यायचे. मी बँकेत अधिकारी झाले तशी मला 'सायबीण' म्हणायला लागले. निवृत्त झाल्यावर इतर माणसं देवळात जातात, भिशी लावतात, सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. हे गृहस्थ एकदा पेन्शनच्या कामाला जळगावला गेले, तिथे एका मैदानावर मुलं काहीतरी विचित्र खेळताना दिसली, म्हणून कुंपणाशी थांबले, ते संध्याकाळपर्यंत तिथेच. घरी येऊन अक्काला म्हणाले, बठ्ठं, म्हणजे सगळं, क्रिकेटसारखं शे, पण त्यात फिरून घरी यावं लागतं. तेव्हापासून जळगाव असो, धुळे असो, जिल्ह्याची, विभागाची कुठलीही स्पर्धा असली की दाजी डबा घेऊन हजर.

आता हा खेळ आपल्याकडे कोण खेळतं आणि का, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर वाचकांचा उगाच गैरसमज व्हायचा. सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी जागा असतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. क्रिकेटमध्ये गल्लोगल्ली गर्दी, कबड्डीत हाडं मोडून घ्यावी लागतात. बेसबॉलकडे मात्र कोणाचं लक्ष नाही, म्हणून शहाणे आईबाप पोरांना तिकडे ढकलतात. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पालकांना आत कोण जिंकतंय याचा पत्ता नसतो. ते एकमेकांना एकच विचारतात, "प्रमाणपत्र कधी मिळणार?" पदाधिकाऱ्यांना हार हवे असतात, क्रीडाशिक्षकांना रजा हवी असते. त्या सगळ्या बाजारात फक्त खेळ बघायला आलेला माणूस एकच, आणि तो माझा दाजी. लोकांना तो वेडा वाटायचा. मलाही वाटायचा. आणि हो, माझा प्रसाद धुळ्याच्या संघात होता, तोही मी घातला म्हणूनच.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचंय, तो हिवाळ्यातला होता. जळगावला विभागाची अंतिम लढत, धुळे विरुद्ध जळगाव. जिंकणारा संघ राज्याच्या स्पर्धेला जाणार आणि तिथलं प्रमाणपत्र नोकरीला चालणार. प्रसादचं वयाच्या हिशेबाने ते शेवटचं वर्ष होतं. मी रजा काढून गेले. दाजी आणि अक्का आधीच येऊन बसले होते. सिमेंटच्या पायऱ्यांवर त्यांनी सतरंजी अंथरली होती, शेजारी दोन पिशव्या. मला बघून दाजींनी सरकून जागा केली आणि म्हणाले, "या सायबीण, आज मजा शे."

मजा कसली! सकाळभर खेळ सुरूच होईना, कारण पाहुणे यायचे होते. पाहुणे आले, मग सत्कार. सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. एकाने भाषणात या खेळाला आपल्या विटीदांडूचा भाऊ ठरवला आणि अमेरिकेने तो आपल्याकडून चोरला असंही सांगून टाकलं. मग उद्घाटनाचा चेंडू मारायला त्याच्या हातात बॅट दिली. त्याने ती क्रिकेटसारखी जमिनीवर टेकवली आणि वाकून उभा राहिला. चेंडू डोक्यावरून गेला. टाळ्या. बेस म्हणून खताच्या रिकाम्या गोण्या माती भरून ठेवल्या होत्या, रेषा फक्कीने मारलेल्या, आणि त्या फक्कीवरून दोन शेळ्या निवांत पलीकडे जात होत्या. पंच दोघे नेमलेले. त्यांतला एक पाहुण्यांबरोबर जेवायला गेला, तो सामना संपेपर्यंत परत आला नाही. मी प्रत्येक गोष्टीवर बोलत होते. अक्का तोंडाला पदर लावून हसत होती. दाजी हसत नव्हते. ते रागावतही नव्हते. माझं बोलणं म्हणजे शेजारी रेडिओ चालू असावा, तसे ते मधूनच मान हलवत आणि समोर बघत.

पण खरं सांगायचं तर मला तो दिवस आवडला. ऊन पाठीवर छान बसलं होतं. अक्काने कळण्याच्या भाकरी आणल्या होत्या, भरीत, कांद्याची पात, वर शेंगदाण्याचं तेल. आमच्या पुढ्यातला एक पालक वळून वळून वास घेत होता, शेवटी दाजींनी त्याला चतकोर भाकरी दिली आणि धावपटू गोणीवरून केव्हा पळू शकतो ते समजावलं. त्याने भाकरी खाल्ली आणि विचारलं, "प्रमाणपत्र आजच देतात का?" दाजी दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवायचे. चेंडू उंच गेला की त्यांची मान हळूहळू वर जायची, तोंड उघडं राहायचं, आणि तो कोणाच्या तरी हातात पडला की ते समाधानाने खाली बघायचे... जणू त्यांनीच झेलला. मी त्यांना म्हटलं, "दाजी, तुमचं यात काय आहे हो? ना पोरगं, ना नोकरी." ते म्हणाले, "काहीच नही. म्हनूनच मजा शे." असली उत्तरं देणाऱ्या माणसाशी काय बोलणार?

दुपार कलली तेव्हा बरोबरी होती. धुळ्याची फलंदाजी, प्रसाद तिसऱ्या गोणीवर. तो सुटून घरच्या गोणीवर पोचला की धुळं जिंकणार, हे एव्हाना मलासुद्धा कळत होतं. मी भाकरीचा डबा मांडीत घट्ट धरून ठेवला होता. त्या खेळाला दिवसभर नावं ठेवून झाली होती, आणि आता देवाला सांगत होते, एवढं एक कर. कोणीतरी चेंडू लांब टोलवला. प्रसाद सुटला. तिकडून चेंडू आला, इकडून प्रसादने जमिनीवर अंग टाकलं, गोणी गाठायच्या आत चेंडूचा हात अंगाला लावून त्याला आऊट करायला जळगावच्या पोराने झेप घेतली, आणि सगळीकडे नुसती धूळ. दोन्हीकडून ओरडा सुरू झाला. पंच बिचारा मागे उभा होता, त्याला काही दिसलं नव्हतं, आणि ते त्याने कबूल केलं, हाच काय तो त्याचा मोठेपणा.

तेव्हा धुळ्याच्या शिक्षकांनी आमच्याकडे बोट केलं. "आबांना विचारा." ही तिथली एक पद्धतच पडून गेली होती. पोरं दाजींना आबा म्हणायची, आणि असा पेच पडला की पायऱ्यांवरच्या आबांना विचारायची, कारण सगळ्या मैदानावर कोणाचाच नसलेला माणूस तो एकटाच. दुसऱ्या कुठल्या देशात प्रेक्षकाला असं विचारतात का, मला माहीत नाही. आमच्याकडे विचारतात. धुळ्याचे शिक्षक पक्के होते. प्रसाद आबांच्या बायकोचा भाचा आहे हे त्यांना ठाऊक होतं. जळगावच्या पोरांना ते ठाऊक नव्हतं असं नाही, पण तीही म्हणाली, "चालेल. आबा म्हणतील ते." मी मनात म्हटलं, काय भोळी पोरं आहेत. आणि माझा जीव भांड्यात पडला.

दाजी उभे राहिले. कपड्यावरचे भाकरीचे कण झटकले. मैदानाकडे बघितलं आणि म्हणाले, "पोऱ्या आऊट शे."

पुढच्या डावात जळगाव जिंकलं. प्रसादला राज्याचं प्रमाणपत्र मिळालं नाही, नोकरी मिळाली नाही. त्याने पुढे ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं, ते बरं चाललंय, पण मला ते दुकान दिसलं की ती धूळ दिसायची. दाजींशी मी बोलणं तोडलं नाही. ते सोपं झालं असतं. मी जायचे, जेवायचे, आणि दर वेळी काहीतरी टोचून यायचे. "आमच्या हरिश्चंद्राला भाकरी वाढ गं अक्का." "विचारा आबांना, वरण शिजलंय का." ते हसायचे. एकदाही म्हणाले नाहीत की मला असं दिसलं, तसं दिसलं. मला तो माणूस तेव्हा अगदी क्षुद्र वाटायचा. सगळ्यांसमोर खरं बोलायची हौस, आणि तीही दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर! मनात यायचं, स्वतःचं मूल असतं तर दाजींना बरोबर काही दिसलं नसतं. त्यांना मूल नव्हतं. हे मी त्यांना कधी तोंडावर म्हटलं नाही, पण म्हणायच्या फार जवळ गेले होते...

गंधमुक्तीच्या, म्हणजे तेराव्याच्या, दिवशी मंडप घातला होता. बेसबॉलवाले आले. ज्यांनी दाजींना कधी पाण्याचा ग्लास विचारला नाही, ते माईक सोडायला तयार नव्हते. एकाने सांगितलं, आबांनी या मातीत बेसबॉल रुजवला. दुसऱ्याने त्यांच्या नावाने चषक जाहीर केला आणि तिथल्या तिथे अध्यक्ष म्हणून स्वतःचंच नाव सुचवलं. प्रसाद मात्र बोलायला उठला नाही. तो पंगतीत वाढत होता. लोकांच्या पानात शिरा वाढताना त्याचे डोळे भरलेले दिसले तेव्हा मला त्याचाही राग आला. ज्याने तुझं नुकसान केलं त्याच्यासाठी रडतोस? मी त्याच्याकडे पाहिलं, तसे त्याने डोळे पुसले.

मंडप मोकळा झाल्यावर मी ओट्यावर दाजींच्या खुर्चीत जाऊन बसले. लोखंडी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणलेली. ती रस्त्याकडे पाठ करून ठेवलेली असते, तोंड घराच्या दाराकडे. मी अक्काला म्हटलं, "ही फिरवून ठेव ना. भिंतीकडे बघत काय बसायचं? निदान रस्ता तरी दिसेल."

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. ती जोत्यावर पाय सोडून बसली होती. "रस्ता देखाले ते कधी बसनात नही. मानसं देखाले बसेत. दारातून कोन कसं बाहेर येस ते देखेत."

मला राहवलं नाही. तेराव्याच्या घरात बोलू नये ते बोलले. "माणसं बघायचे म्हणे. मग माझ्या प्रसादच्या वेळी काय बघितलं? त्याची धडपड नाही दिसली? एक शब्द दुसरा बोलले असते तर काय आभाळ कोसळलं असतं?"

अक्काने जोत्यावरचे पाय वर घेतले. मग म्हणाली, "धूळमा कोनले काय दिखी शालू? त्यासलेबी दिखनं नही."

"मग आऊट कसं म्हणाले?"

"त्या रातलेच मी इचारं. ते म्हने, धूळ बसनी, पोऱ्या उठना, तव्हय मी देखं. जो पोऱ्या सेफ ऱ्हास, तो पंचकडे देखस. आऊट व्हयेल पोऱ्या खाली देखस." तिने माझ्याकडे पाहिलं. "परसाद ना पंचकडे देखे, ना खाली देखे. तो उठताबराबर तुन्हाकडे देखे. ते म्हने, असं भ्यायेल तोंड व्हतं त्यानं... माले ऱ्हावाय नही. म्हने, आते सेफ म्हनीसन खोटं बोलनू तर पोऱ्या ते झाकत जलमभर मायले भ्याईन."

"मला का नाही सांगितलं कधी?"

"तुले कोन सांगी?" अक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती उठून आत गेली.

मी दाजींच्या खुर्चीतच होते, दाराकडे तोंड करून. मनात चार-पाच चांगली उत्तरं तयार होती. मला उत्तरं कधी कमी पडत नाहीत. दाजींना काय कळतं पोरांमधलं. धुळीत काय वाटेल ते दिसतं. अक्का काय, नवरा गेला म्हणून त्याचं सगळंच खरं मानणार... तेवढ्यात दारातून प्रसाद बाहेर आला. हातात गाडीची किल्ली होती. चाळिशीकडे झुकलेला, दोन पोरांचा बाप. उंबरठ्यावर तो थांबला, आणि काही बोलायच्या आधी त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. हे तो नेहमीच करतो. मला ती माया वाटायची.

"आई, निघायचं का?" त्याने विचारलं.

मी त्याच्याकडे बघून हसले. तो दचकला. किल्ली मुठीत घट्ट धरून म्हणाला, "काय झालं? माझं काही चुकलं का?"