साच्यावरचा घोट

कल्पना करा, तुमच्या हातात लांब दांड्याची पळी आहे आणि पळीत वितळलेलं ॲल्युमिनियम. धगीने पापण्या करपतायत. समोर लाकडी चौकटीत ठासलेल्या वाळूचा साचा, त्याला अंगठ्याएवढं भोक. त्या भोकात धार न तोडता ओतायचं. हात थांबला तर पातेल्याला चीर.

कुमासीच्या भंगारबाजारात पोकुआ हेच करते. मोटारींचे जुने पिस्टन वितळवून आंबवलेल्या पिठाचा घट्ट बांकू ढवळायची जाड पातेली ओतते. बाईने भट्टीपाशी उभं राहू नये, असं इथले जुने ओतारी मानतात. भट्टी तिच्या मामांची, अँटवींची. त्यांनीच भाचीला पळी दिली. तिथेच काम करणाऱ्या येबोआला ते पहिल्यापासून खुपत होतं.

एका मयतासाठी बंद ठेवलेली भट्टी पुन्हा पेटली, त्या दिवशी मामांनी रिवाजाप्रमाणे जिन दारूचा पहिला घोट पूर्वजांना वाहिला, थेट साच्यावर.

"प्या, आणि पोरांचे हात सांभाळा," ते म्हणाले.

येबोआचा धाकटा भाऊ ब्रेम्पॉन्ग चौकट धरून वाकला होता. पोकुआने पळी कलती केली आणि साचा फुटला. तापलेला धातू ब्रेम्पॉन्गच्या तोंडावर उडाला. त्याने गाल पुसायला हात नेला, तर कातडीच हातात आली. डावा डोळा तिथेच गेला.

येबोआने सांडशी उचलली. "भट्टी नासवलीस, भवाने." पहिला फटका खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ती पडल्यावरही तो मारत राहिला. मामांनी त्याला ओढून बाजूला केलं, पण तिला म्हणाले, "आजपासून भट्टीपाशी येऊ नकोस."

हाड जुळेपर्यंत ती घरी पडून होती. चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उडताना बघत राहायची. चमचाभर पाण्याची वाफ बादलीभर जागा मागते, आणि घोटाने भिजलेल्या बंद वाळूत जागा कुठली?

ती परत आली.

"मामा, दोन साचे भरा. एकावर घोट, एकावर नाही. दोन्हींत मीच ओतते. खोट बाईत असेल तर दोन्ही फुटतील."

"आणि मेलीस तर?" येबोआ म्हणाला.

"मग तुझंच खरं होतं, असं सांगत फिर."

"फिरेनच."

लांबून ओतता यावं म्हणून तिने पळीच्या दांड्याला लोखंडी नळी बांधली, साच्याच्या आणि स्वतःच्या मध्ये जाड पत्रा उभा केला. कोरड्या साच्यात धातू मुकाट बसला. दुसऱ्यात धार शिरली आणि चौकटीच्या चिंधड्या उडाल्या. पत्रा वाकला. एक थेंब तिच्या मनगटात रुतला, मांस जळल्याचा वास सुटला. तिने दात आवळून तो चिमट्याने उपटला.

येबोआ पत्र्याकडे बघत राहिला. माफी त्याने आजवर मागितलेली नाही.

मामांनी पळी उचलून तिच्या हातात दिली. "घोट आता उंबऱ्यावर. मेलेले म्हातारे येतील तिथवर चालत."

ब्रेम्पॉन्ग आता एका डोळ्याने पातेल्यांच्या कडा घासतो. त्याच्याशेजारी बसून जेवताना पोकुआ अजून एकच गोष्ट विचारते, कधी मामांना, कधी कुणालाही: घोट तर दर वेळी साच्यावरच पडत होता, मग इतकी वर्षं ती वाफ जात कुठे होती?